वाचकांचे प्रश्न : कानशीने घासलेले ब्रेक पॅड

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहतो. निवृत्तीनंतर गाडीची लहानसहान कामे सोसायटीच्या आवारातच करू लागलो आहे. गेल्या महिन्यात पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजलेले दिसले, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १,३५० रुपयांना चार पॅडांचा संच मागवला. त्याच्या पानावर माझ्या गाडीचे नाव आणि '२०१२ ते २०१७' अशी वर्षे स्पष्ट लिहिलेली होती. माझी गाडी २०१४ सालची आहे. प्रत्यक्षात पॅड खाचेत बसेनात. शेवटी भाच्याने डाव्या चाकाच्या दोन पॅडांचे कान कानशीने घासून ते कसेबसे बसवले. उजव्या चाकाला जुनेच पॅड आहेत. आता ब्रेक दाबताच 'टक्' असा आवाज येतो आणि गाडी किंचित एका बाजूला ओढते. विक्रेता म्हणतो, वापरलेला माल परत घेणार नाही. गाडी अशीच चालवावी का, आणि पैसे परत मिळतील का?

उत्तर : गाडी चालवू नये. पैशांचे नंतर पाहू.

पॅडाच्या लोखंडी पाटीला दोन्ही टोकांना जे कान असतात, ते कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटमधील खाचेत इतपतच सैल बसावे लागतात की पॅड पुढेमागे सहज सरकेल, पण फिरत्या डिस्कबरोबर वरखाली हलणार नाही. कान कानशीने घासले की ही मोजणी संपते. आपल्याला येणारा 'टक्' आवाज बहुधा त्याचाच आहे : ब्रेक लागताच डिस्क पॅडाला आपल्याबरोबर ओढते, पॅड खाचेतील मोकळ्या जागेपुरता सरकतो आणि ब्रॅकेटवर आपटतो. घासणे कमी पडले असेल तर उलट त्रास होतो. पॅड खाचेत अडकतो, पाय काढल्यावरही डिस्कला चिकटून राहतो, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या संध्याकाळच्या गर्दीत, जिथे ब्रेकवरचा पाय उचलायला उसंत मिळत नाही, डिस्क तापतच जाते. गाडी एका बाजूला ओढते आहे, कारण एका चाकाला एक जातीचे पॅड आणि दुसऱ्याला दुसऱ्या जातीचे, अशी स्थिती आहे. एकाच धुरेच्या दोन्ही चाकांचे पॅड नेहमी एकदम आणि एकाच संचातील बदलावेत, हा नियम म्हणूनच आहे.

डाव्या चाकाचे काढलेले जुने पॅड आपण टाकून दिले नसतील आणि त्यांवर साधारण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक अस्तर उरले असेल, तर योग्य पॅड हाती येईपर्यंत ते परत बसवून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेता येईल. अस्तर तितके उरले नसेल तर मेकॅनिकला घरी बोलवावे. पॅड काढताना डिस्कवर खोल ओरखडे आहेत का, तेही पाहून घ्यावे. चाक काढून काम करताना गाडी नुसत्या जॅकवर उभी ठेवू नये. खाली जॅक स्टँड हवा आणि मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा हवा. सोसायट्यांच्या आवारातील फरशी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उतरती असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे पॅडाला रेटणारा दट्ट्या, मागे ढकलावा लागतो, त्यामुळे बॉनेटखालच्या टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वर चढते आणि ते ओसंडून रंगावर सांडले तर रंग उडतो. आणि एक गोष्ट : काम संपल्यावर गाडी सुरू करून निघण्याआधी ब्रेकचे पेडल जागच्या जागी अनेकदा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला टेकते. हे न केल्यामुळे सोसायटीच्या फाटकावर गाडी ठोकलेले दोन सद्गृहस्थ मला स्वतःला ठाऊक आहेत.

आता मूळ चुकीकडे. विक्रेत्याने जाणूनबुजून खोटे लिहिले असेलच असे नाही. मी अनेक वर्षे ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात काउंटरमागे काढली आहेत, आणि तिथे ग्राहकाने नुसते गाडीचे नाव सांगितले की जुने सेल्समन हसून विचारत, 'दादर म्हणालात, पण पूर्व की पश्चिम?' एकाच नावाच्या, एकाच सालच्या गाडीत वेगवेगळ्या बनावटीचे कॅलिपर असू शकतात. पेट्रोल आणि डिझेल मॉडेलचे वजन वेगळे, म्हणून ब्रेकही वेगळे असू शकतात. आणि कंपन्या वर्षाच्या मध्येच, गाजावाजा न करता, पुरवठादार बदलतात. इंजिनाच्या भागांत तर हा घोळ अधिकच मोठा आहे. मारुतीची स्विफ्ट २००५ साली आली आणि त्या घडणीची गाडी २०११ पर्यंत विकली गेली, पण २०१० साली, वाहनांच्या धुराचे भारत स्टेज ४ निकष मुंबईसह मोठ्या शहरांत लागू झाले तेव्हा, तिच्यातील १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन जाऊन १.२ लिटरचे आले. म्हणजे बाहेरून तीच दिसणारी गाडी, आत दुसरे इंजिन. 'स्विफ्ट पेट्रोल, २००५ ते २०११' असे लिहून इंजिनाचा कोणताही भाग विकणारा माणूस निम्म्या नाही तरी बऱ्याच ग्राहकांना चुकीची वस्तू पाठवणार, हे ठरलेलेच आहे.

सालाचाही एक सापळा आहे. आपली गाडी '२०१४ ची' म्हणजे नेमकी कशाची? नोंदणीची की उत्पादनाची? डिसेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी शोरूममध्ये पडून राहून मार्चमध्ये आरटीओत नोंदली जाते, आणि मालक आयुष्यभर तिला पुढच्या सालची समजतो. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या आरसी बुकावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे छापलेले असते. भाग मागवताना ते पाहावे.

त्याहून खात्रीचा आधार म्हणजे चेसिस क्रमांक. तो १७ अक्षरांचा असतो. आरसीवर छापलेला असतो आणि गाडीच्या लोखंडावरही कोरलेला असतो, अनेक गाड्यांत बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखालच्या गालिच्याआड. पहिली तीन अक्षरे कारखानदार सांगतात : मारुती सुझुकीची गाडी असेल तर 'एमए३', टाटा मोटर्सची असेल तर 'एमएटी', ह्युंदाईची भारतात बनलेली असेल तर 'एमएएल'. या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. तरीही काउंटरवर फोनवरून क्रमांक सांगणारे दहातले चार जण शून्याला 'ओ' म्हणत, आणि मग संगणक गाडीच सापडत नाही म्हणे. हा क्रमांक कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवर दिला की ते आपल्याच गाडीच्या पॅडांचा पार्ट नंबर काढून देतात. तो लिहून घ्यावा आणि मग खरेदी खुशाल ऑनलाइन करावी. मात्र शोध गाडीच्या नावाने न घेता त्या नंबराने घ्यावा. जुन्या नंबराऐवजी कंपनीने नवा नंबर दिलेला असेल तर काउंटरवर तेही कळते, एरवी तोच भाग वेगळ्या नंबराचा दिसला की आपण उगाच शंका घेत बसतो.

पार्ट नंबर मिळाला नाही तर जुना पॅड हाच पुरावा. तो स्वच्छ पुसून स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवावा, लांबी, उंची, कानांची रुंदी आणि पाटीची जाडी मोजावी, आणि झीज सांगणारी पत्र्याची पट्टी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आपल्या बाबतीत नवा पॅड खोक्यातून काढून जुन्यावर नुसता पालथा ठेवला असता तरी कान दीड-दोन मिलिमीटरने बाहेर आलेले दिसले असते आणि कानस पेटीतच राहिली असती. माझ्याकडून एकदा काउंटरवरून असाच चुकीचा ब्रेक शूंचा संच गेला होता. परत आला तेव्हा त्याच्यावर हातोडीचे वळ होते. ग्राहक वीस रुपयांचे भाडे वाचवण्यासाठी हातोडी घेतो, याचे मला आजही नवल वाटते.

आता पैशांविषयी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, वस्तू सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांची नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. पानावर आपल्या गाडीचे नाव आणि साल लिहिलेले होते, आणि पॅड त्या गाडीला बसत नाहीत. आपली बाजू इथे भक्कम आहे. दुबळेपणा आहे तो कानशीचा. दोन पॅड आपण स्वतः बदलले आहेत आणि विक्रेता त्यावरच बोट ठेवणार. सुदैवाने उजव्या चाकासाठीचे दोन पॅड अजून अस्पर्श आहेत. त्यांतला एक आणि त्याच चाकाचा जुना पॅड असे शेजारी ठेवून, पट्टी स्पष्ट दिसेल असे छायाचित्र काढावे. विक्रीच्या पानाचे छायाचित्र मात्र आजच घ्यावे, कारण तक्रार गेल्यावर त्यावरची वर्षे गुपचूप बदलली जाण्याची शक्यता असते. खोके आणि त्यावरचे लेबलही टाकू नये. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली नसेल, तर ती स्वतंत्र तक्रार होते.

ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हे सर्व लेखी पाठवावे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानंतरही गाडे अडले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १,३५० रुपयांसाठी आयोगापर्यंत जावे का, हे आपणच ठरवावे. मला विचाराल तर न घासलेल्या दोन पॅडांचे पैसे मिळाले तरी व्यवहार मिटवावा, कारण उरलेल्या निम्म्या रकमेत आपल्या भाच्याचाही वाटा आहे.

प्रश्न : गिरगावात आमच्या गल्लीत टॅक्सी घासून गाडीचा बाजूचा आरसा फुटला. ऑनलाइन 'लेफ्ट' आरसा मागवला, तो उलट्याच बाजूचा निघाला. चूक माझी की विक्रेत्याची? – एक वाचक भगिनी

उत्तर : आपण गाडीसमोर उभे राहून डावी बाजू ठरवली असेल तर चूक आपली आहे. सुट्या भागांच्या जगात डावे-उजवे नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून, पुढे पाहत ठरवतात. म्हणूनच आपले मेकॅनिक 'ड्रायव्हर साइड' (उजवी) आणि 'क्लीनर साइड' (डावी) असे शब्द वापरतात आणि त्यांचा घोळ होत नाही. फक्त विक्रेता परदेशी असेल तर त्याची ड्रायव्हर साइड म्हणजे आपली क्लीनर साइड असू शकते. आरशात ते चालून जाते, कारण चूक लगेच दिसते. हेडलाइटमध्ये मात्र उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशातील दिवा इथे बसला, तर त्याचा लो बीम समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आरसा बदलून घेताना कनेक्टरमधील तारा मोजाव्यात; घडी होणाऱ्या आणि न होणाऱ्या आरशांत त्या सारख्या नसतात.

प्रश्न : जुन्या बॅटरीवर '३८बी२०एल' लिहिले होते, घाईत '३८बी२०आर' मागवली गेली. आकार अगदी तोच आहे. तारा थोड्या ओढून लावल्या तर चालेल का? – एक वाचक, विक्रोळी

उत्तर : चालणार नाही. शेवटचे अक्षर बॅटरीचे टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते सांगते. बाकीचे सारखे आहे म्हणूनच ही चूक घातक : '२०' म्हणजे साधारण २० सेंटिमीटर लांबी, 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, आणि '३८' हा क्षमतेचा दर्जा आहे, अँपिअर-अवर नव्हे, या मापाची बॅटरी आपल्याकडे ३५ अँपिअर-अवरची म्हणून विकली जाते. खोबणीत ती नीट बसते आणि सवयीने तार त्याच बाजूला लावली जाते. उलटी जोडणी झाली की मुख्य फ्यूज उडतो आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोडही जाऊ शकतात. ताणून लावलेली तार इंजिनाच्या धक्क्यांनी सैल होते, ते वेगळेच. बॅटरी परत करावी. पण क्लँप एकदाही चढवून पाहू नये, कारण शिशाच्या मऊ खुंट्यांवर लगेच ओरखडा उमटतो आणि विक्रेता पहिल्यांदा तोच पाहतो.