वाचकांचे प्रश्न : डबा टीव्हीवर जुने गेम

छोट्या संगणकावर जुने टीव्ही गेम कसे बसवावेत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात मांडलेली विजेची अडचण आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांची आहे.

प्रश्न : आमच्या घरचा २१ इंची डबा टीव्ही अजून चांगला चालतो. लहानपणी आम्ही भावंडे त्यावर कॅसेट लावून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत होतो. ते यंत्र केव्हाच निकामी झाले. पुण्याचा भाचा म्हणतो की रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेतला तर ते सगळे गेम पुन्हा खेळता येतात, आणि त्यातला सर्वांत नवा, ५ क्रमांकाचा, तो पाठवायला तयार आहे. दिवाळीच्या सुटीत घरी दहा-बारा पोरे जमतात. पण आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही. काय घ्यावे आणि कसे बसवावे?
— एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाच्याने मनापासून देऊ केलेली वस्तू नाकारणे जड जाईल, तरीही ५ क्रमांकाचा बोर्ड मागवू नका, त्याऐवजी २०१८ साली आलेला ‘३ बी प्लस’ हा बोर्ड, जुना वापरलेला मिळाला तरी चालेल, असे त्याला कळवा. आपल्या टीव्हीला एचडीएमआयची, म्हणजे नव्या सपाट टीव्हींना असते ती, जागा नाही, केवळ पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची एव्हीची जागा आहे. ३ बी प्लसच्या कडेला असलेल्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून आवाज आणि चित्र दोन्ही बाहेर येतात व ते थेट एव्हीला जोडता येतात. ५ क्रमांकाच्या बोर्डावरून हा जॅक काढून टाकला असल्यामुळे तेच चित्र मिळवायला बोर्डावर तारा सोल्डर कराव्या लागतात. एचडीएमआयचे एव्ही करणारी डबी मधे लावता येते, परंतु तिने चित्र पुसट होते, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते असे खेळणाऱ्याला जाणवू शकते. शिवाय नव्या बोर्डासाठी पाच व्होल्टचा पाच अँपिअर देणारा चार्जर सुचवलेला आहे, तर ३ बी प्लसचे अडीच अँपिअरमध्ये भागते, आणि आपल्या लाईनचा विचार करता हा फरक मोठा आहे.

शक्ती कमी पडेल ही भीती बाळगू नये. आपण खेळत होतात ते यंत्र, तसेच आपल्याकडे विकली गेलेली बहुतेक कॅसेटची यंत्रे, जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्या यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी दोन किलोबाइट होती. पहिला सुपर मारिओ, म्हणजे त्याचे बत्तीस टप्पे, संगीत आणि चित्रे, असा सगळा ऐवज चाळीस किलोबाइटमध्ये मावला होता. ३ बी प्लसमध्ये १.४ गिगाहर्ट्झचे चार गाभे (कोअर) आहेत. त्या काळच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, ज्याला इम्युलेटर म्हणतात, त्यावर निवांत चालतो.

केबल घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. या जॅकच्या पिनवर काळ्या कड्यांनी वेगळे केलेले चार भाग असतात. टोकापासून मोजल्यास पहिला डाव्या आवाजाचा, दुसरा उजव्या आवाजाचा, तिसरा ग्राउंडचा आणि बुडाशी असलेला चौथा चित्राचा असावा लागतो. बाजारात व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी निघालेल्या केबली दिसायला अगदी अशाच असतात, पण त्यांतल्या काहींचा ग्राउंड दुसऱ्याच भागावर असतो, आणि मग चित्र येत नाही किंवा गुणगुण ऐकू येते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे मल्टिमीटर असतोच. पिवळ्या पिनेची बाहेरची कडी आणि जॅकचा तिसरा भाग यांना त्याच्या तारा लावून बझर वाजतो का, एवढे दुकानातच पाहून घ्यावे. तिथे बझर वाजला, पण रंगांची अदलाबदल निघाली, तर पिवळ्याच्या जागी लाल किंवा पांढरी पिन लावून काम भागते. ग्राउंडच चुकला असेल, तर ती केबल घेऊ नये.

बोर्डावर इम्युलेटर चालवणारी प्रणाली म्हणून मी रेट्रोपाय सुचवतो. ती मोफत आहे आणि ३ बी प्लससाठी तिची तयार फाईल मिळते. ज्याच्याकडे संगणक आणि बरे इंटरनेट आहे अशा कुणाकडे, तालुक्याच्या गावी किंवा शाळेत, रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमने ती १६ किंवा ३२ जीबीच्या चांगल्या मेमरी कार्डावर उतरवून घ्यावी. पुढे इंटरनेट लागत नाही. पहिल्यांदा बोर्ड सुरू होताच ती खेळायच्या रिमोटची ओळख विचारते. यूएसबी रिमोटचे कोणतेही एक बटण दाबून धरावे आणि विचारेल तसतशी बटणे दाबत जावीत. जे बटण आपल्या रिमोटवर नाही, त्यासाठी असलेलेच एखादे बटण दाबून धरले की प्रणाली पुढे सरकते. गेम आत घालण्यासाठी पेन ड्राइव्हवर ‘रेट्रोपाय’ या नावाचा, इंग्रजी लहान अक्षरांतला फोल्डर करून तो बोर्डाला लावावा, थोड्या वेळाने काढून संगणकाला लावावा. आत प्रत्येक यंत्राच्या नावाचे फोल्डर आपोआप तयार झालेले दिसतील. गेमची फाईल योग्य फोल्डरमध्ये टाकून पेन ड्राइव्ह पुन्हा बोर्डाला लावला की प्रणाली ती स्वतः उतरवून घेते.

एचडीएमआय काही न लावता बोर्ड सुरू केला की चित्र एव्हीतून निघते, पण ते अमेरिकी पद्धतीचे, सेकंदाला साठ वेळा बदलणारे असते. आपल्याकडची पद्धत पॅल, म्हणजे पन्नासची. अनेक रंगीत डबा टीव्ही एव्हीवरून दोन्ही दाखवतात, म्हणून आधी आहे तसेच चालवून पाहावे, कारण बहुतेक गेम साठच्याच गतीसाठी लिहिलेले आहेत आणि पन्नासवर मारिओचे धावणे व संगीत मंदावल्यासारखे किंवा अडखळल्यासारखे वाटू शकते. चित्र काळे-पांढरे आले किंवा वर-खाली पळू लागले, तरच कार्ड संगणकात लावून ‘कॉन्फिग’ या मजकूर फाईलमध्ये ‘एसडीटीव्ही मोड’ची २ हा आकडा असलेली ओळ शोधावी आणि तिच्या आरंभीचे # हे चिन्ह पुसून फाईल जतन करावी.

आता लाईनविषयी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यायला हवी. मेमरी कार्डावर काही लिहिले जात असताना वीज गेली की कार्डावरची मांडणी बिघडू शकते, आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड सुरूच होत नाही. माझे पहिले कार्ड असेच गेले. जुलैतल्या एका संध्याकाळी लाईन दहा मिनिटांत तीनदा आली-गेली आणि तिसऱ्या वेळी पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी येऊन थांबल्या. महिनाभर जपलेले पोरांचे टप्पे त्यात गेले, आणि त्यांचे चेहरे पाहून मला फार वाईट वाटले. दोष सर्वस्वी माझा होता, कारण मी बोर्ड थेट भिंतीतल्या चार्जरवर चालवत होतो.

म्हणून चार्जर आणि बोर्ड यांच्यामध्ये पॉवर बँक ठेवावी. स्वतः चार्ज होत असतानाच अडीच अँपिअर देऊ शकेल अशीच ती असावी, आणि काही पॉवर बँका लाईन जाण्या-येण्याच्या क्षणी डोळा लवेपर्यंत पुरवठा तोडतात, तेवढ्यानेही बोर्ड बंद पडतो. गेम चालू ठेवून चार्जरचे बटण चार-पाच वेळा बंद-चालू करून पाहणे हीच तिची खरी परीक्षा. केबल जाड आणि आखूड घ्यावी. बारीक केबलीचा रोध ०.२ ओहम जरी धरला, तरी दोन अँपिअर वाहताना तिच्यातच ०.४ व्होल्ट जातात आणि पाचाऐवजी ४.६ व्होल्ट बोर्डापर्यंत पोहोचतात. बोर्ड साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली तक्रार करू लागतो. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह चमकताना दिसले, तर गेमला दोष न देता आधी केबल बदलावी.

पॉवर बँकेवर बोर्ड तासन्‌तास चालला, तरी लाईन गेल्याबरोबर टीव्ही बंद होतो, आणि न दिसणाऱ्या पडद्यावर मेनू शोधून बोर्ड नीट बंद कसा करायचा हा प्रश्न उरतोच. त्यासाठी एक साधे दाबायचे बटण बोर्डाच्या पाचव्या आणि सहाव्या पिनांना जोडावे व कॉन्फिग फाईलमध्ये ‘जीपीआयओ शटडाऊन’ची ओळ घालून घ्यावी. मग बटण दाबताच प्रणाली रीतसर बंद होते, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबतो, आणि लाईन आल्यावर तेच बटण पुन्हा दाबले की बोर्ड जागा होतो. सहाव्या पिनेला खेटून असलेल्या चौथ्या पिनेत पाच व्होल्ट असतात; चुकून ती पाचवीला जोडली गेली, तर बोर्ड जळू शकतो. जोडणी पॉवर बँक काढून, उजेडात आणि दोनदा मोजून करावी. सगळे मनासारखे बसले की संगणकावर त्या कार्डाची पूर्ण प्रत काढून ठेवावी.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात : हा बोर्ड साठ अंश तापला की आपला वेग १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर आणतो, आणि मे महिन्यात आपल्या खोल्यांचेच तापमान चाळिशीपार असते. जुन्या कॅसेटच्या गेमना तेवढा वेग पुरतो, म्हणून पंखा आवश्यक नाही. मात्र बोर्ड डबा टीव्हीच्या डोक्यावर कधी ठेवू नये, कारण टीव्हीची गरम हवा तिथल्याच जाळीतून बाहेर पडते.

प्रश्न : माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. दहा हजार गेम भरलेली तयार कार्डे मागवून बोर्डासह विकावीत, असा विचार आहे. गिऱ्हाईक विचारते. यात काही अडचण आहे का?
— एक दुकानदार, मंगरुळपीर, जि. वाशीम

उत्तर : अडचण आहे, आणि ती गंभीर आहे. बोर्ड, केबल आणि मोफत प्रणाली बसवून देण्याचे पैसे घेणे हा प्रामाणिक धंदा आहे. कार्डातले गेम मात्र ज्यांनी बनवले त्यांच्या मालकीचे आहेत. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखेच संरक्षण आहे, आणि गेम तीस-चाळीस वर्षे जुना झाला म्हणून तो हक्क संपत नाही. स्वतःजवळ कायदेशीरपणे असलेल्या प्रोग्रॅमची, तो नष्ट झाल्यास हाताशी असावी म्हणून, प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. त्या प्रती भरून विकण्याची मुभा ते देत नाही. ज्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, त्याही बहुतेक नकलीच होत्या, हे आपल्या पिढीला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याऐवजी गिऱ्हाइकाला काय देता येईल, ते पाहू. डूम या १९९३ सालच्या प्रसिद्ध खेळाचा पहिला भाग त्याच्या कर्त्यांनीच मोफत वाटण्यासाठी काढला होता आणि रेट्रोपायमधून तो बसवता येतो. जपानमधल्या एका माणसाने एकट्याने घडवून २००४ साली मोफत दिलेला केव्ह स्टोरी हा उड्या मारण्याचा आणि शोधण्याचा सुंदर खेळ आहे; पोरांना मारिओनंतर तोच द्यावा, असे मी आवर्जून सांगेन. नाण्यांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचे काही गेम त्यांच्या मालकांनी खुले केले असून ते अशा यंत्रांचा इम्युलेटर बनवणाऱ्या मेम या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांची परवानगी बिगरव्यापारी वापरापुरती आहे, म्हणून ते गिऱ्हाइकाने स्वतः उतरवून घ्यावेत. फॅमिकॉमसाठी आजही नवे गेम लिहिणारे लोक आहेत, त्यांतले काही गेम मोफत आहेत, तर काही विकत मिळतात. प्रत्येक गेमची परवानगी वाचून, अशा वीस-पंचवीस निवडक गेमची यादी दुकानात लावा. दहा हजारांतून काय खेळावे हे न कळून पोरे पाच मिनिटांत कंटाळतात, हे मी घरी पाहिले आहे.

प्रश्न : माळ्यावर जुन्या टीव्ही गेमचे दोन रिमोट सापडले. नऊ भोकांची पिन आहे. ते या बोर्डाला लावता येतील का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : लावता येतील, पण आधी रिमोट उघडून पाहा. मागचे स्क्रू काढले की प्रत्येक बटणाखाली काळ्या टिकल्यांचे रबर दिसेल. त्या टिकल्या गुळगुळीत, चकचकीत झाल्या असतील तर कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसाव्यात, आणि झिजून पांढऱ्या पडल्या असतील तर रबरच बदलावे लागेल.

आत केवळ पाच तारा कामाच्या असतात : वीज, ग्राउंड, आणि बटणांची खबर एकामागून एक पाठवणाऱ्या तीन. जुने यंत्र रिमोटला पाच व्होल्ट देत असे, तर रास्पबेरी पायच्या खबरीच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. त्यांवर पाच व्होल्ट आले तर बोर्ड कायमचा बिघडू शकतो. म्हणून रिमोटला वीज बोर्डाच्या पहिल्या पिनेतून, म्हणजे ३.३ व्होल्टचीच द्यावी. तारांच्या रंगांवर विसंबू नये. नकली रिमोटांत ते प्रत्येक कारखान्याचे निराळे असत. मूळ कंपनीच्या रिमोटमधली चिप ३.३ व्होल्टवर चालते, पण नकली रिमोटमधल्या काळ्या डांबरी थेंबाखालची चिप चालेलच असे नाही. ती चालली नाही, तर साध्या यूएसबी रिमोटच्या आतली पट्टी काढून तिच्या बटणांच्या जागांपासून जुन्या रिमोटच्या पट्टीपर्यंत बारीक तारा ओढाव्यात आणि त्याआधी जुन्या पट्टीवरचे चिपकडे जाणारे मार्ग ब्लेडने तोडावेत. आठ बटणांचे हे सोल्डरिंग शांतपणे केल्यास एका दुपारी होते. दोन्ही रिमोट एकदम उघडू नका; पहिला पूर्ण चालेपर्यंत दुसरा नमुना म्हणून तसाच जवळ ठेवा.