क्वार्टरबॅक बेताचा असूनही सुपर बोल जिंकता येतो, तर त्याला एवढे महत्त्व का?

आपण विचारले आहे की १९८५ चे शिकागो बेअर्स आणि २००० चे बाल्टिमोर रेव्हन्स हे संघ निव्वळ बचावाच्या जोरावर सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून विजेते ठरले आणि त्यांचे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू) बेताचेच होते, मग क्वार्टरबॅकचा एवढा उदोउदो कशासाठी. शिवाय माझ्या मते सर्वश्रेष्ठ बचावफळी कोणती आणि सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : बचावफळी २०१३ च्या सीॲटल सीहॉक्सची आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. ही निवड मी विजेतेपदे मोजून केलेली नाही. क्वार्टरबॅकची पारख उत्तम बचावासमोर त्याने काय केले यावरून व्हावी आणि बचावाची पारख त्याने कोणाला रोखले यावरून, असे मी मानतो.

बेअर्सपासून सुरुवात करतो. त्यांचे बचाव-प्रशिक्षक बडी रायन यांच्या 'फॉर्टी-सिक्स' या रचनेत आठ-आठ खेळाडू चेंडूच्या रेषेला खेटून उभे राहत आणि त्यांतले नेमके कोण अंगावर धावून येणार हे समोरच्या क्वार्टरबॅकला अखेरपर्यंत कळत नसे. (हे नाव डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीच्या क्रमांकावरून पडले, खेळाडूंच्या मांडणीशी त्याचा संबंध नाही.) बाद फेरीत त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सना २१-० आणि लॉस एंजेलिस रॅम्सना २४-० असे धुऊन काढले, अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर ४६-१० अशी मात केली आणि त्या संपूर्ण सामन्यात पेट्रियट्सना चेंडू घेऊन धावत फक्त ७ यार्ड मिळवता आले.

तरीही त्यांचा क्वार्टरबॅक जिम मॅकमॅहन बेताचा होता, हे मला मुळीच मान्य नाही. त्याच हंगामात मिनेसोटाविरुद्ध दुखण्यामुळे तो बाकावर बसून होता आणि तिसऱ्या सत्रात बेअर्स १७-९ असे मागे होते. तो मैदानात उतरला, पहिल्याच फेकीवर ७० यार्डांचा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळणारे सहा गुण) झाला, दुसऱ्या फेकीवर दुसरा, आणि सामना बेअर्सनी ३३-२४ असा जिंकला. आता त्या हंगामातला त्यांचा एकमेव पराभव पाहा. २ डिसेंबर १९८५ रोजी मायामीत सुरुवातीला मॅकमॅहन नव्हता, त्याच्या जागी स्टीव्ह फुलर खेळत होता, आणि समोर मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो होता. मायामीचे प्रशिक्षक डॉन शूला यांनी तीन-तीन रिसीव्हर (फेकी झेलणारे खेळाडू) उतरवून बेअर्सच्या लाइनबॅकरांना, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंना, वेगवान रिसीव्हर नॅट मूरच्या मागे पळायला भाग पाडले, आणि मरीनो तर चेंडू हातात आला न आला तोच सोडत असे. त्याच्यापर्यंत पोहोचायला धावून येणाऱ्यांना वेळच मिळेना. मध्यंतराला ३१-१० आणि अखेर ३८-२४. मरीनोने सुपर बोल कधीच जिंकला नाही, म्हणून त्याला खालच्या पायरीवर बसवणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र क्वार्टरबॅक ही काय चीज असते ते मायामीच्या त्या पूर्वार्धात जितके स्पष्ट दिसते, तितके कित्येक अंतिम सामन्यांतही दिसत नाही.

रेव्हन्सची कहाणी वेगळी आहे, आणि आपल्या प्रश्नाला खरा आधार तीच देते. २००० च्या हंगामात त्यांनी १६ सामन्यांत केवळ १६५ गुण दिले. ऑक्टोबरमध्ये सलग पाच सामने त्यांच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नाही, तरीही मॅट स्टोव्हरच्या फील्ड गोलांच्या (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन-तीन गुणांच्या) भरवशावर त्यांपैकी दोन सामने त्यांनी जिंकले. बाद फेरीच्या चार सामन्यांत त्या बचावफळीने मिळून एकच टचडाउन दिला. अंतिम सामन्यात जायंट्सनी केलेला टचडाउन किक-ऑफ (खेळ सुरू करताना लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवताना झाला होता, त्याचा बचावफळीशी संबंध नव्हता. संघाचे एवढे ओझे अशा रीतीने वाहणारी दुसरी बचावफळी माझ्या माहितीत नाही.

अशा संघात क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरचे काम नेमके काय होते? चेंडू गमवायचा नाही आणि संधी मिळेल तेव्हा एखादी लांब फेक साधायची. अंतिम सामन्यात त्याने २५ पैकी १२ फेकी पूर्ण केल्या, पण एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नाही, आणि सामन्यातला पहिला टचडाउन त्याच्याच ३८ यार्डांच्या फेकीवर ब्रँडन स्टोकलीने केला. विजेतेपदानंतर संघाने त्याला सोडून दिले आणि एल्व्हिस गर्बाकला आणले; पुढच्या हंगामात रेव्हन्स पिट्सबर्गकडून २७-१० असे हरून बाहेर पडले. डिल्फर महान नव्हता, पण स्वतःची मर्यादा ओळखून ती अखेरपर्यंत पाळणे हे कौशल्यच आहे आणि त्याचे श्रेय त्याला मिळायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मग रेव्हन्सना मी पहिला क्रमांक का देत नाही? कारण त्यांच्यासमोर अंतिम सामन्यात जायंट्सचा क्वार्टरबॅक केरी कॉलिन्स होता, तर सीहॉक्ससमोर पेटन मॅनिंग होता. २०१३ च्या हंगामात मॅनिंगने ५५ टचडाउन फेकले होते आणि त्याच्या डेन्व्हर ब्राँकोजनी ६०६ गुण केले होते; हे दोन्ही तेव्हाचे विक्रम. शिवाय १९७८ पासून रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धरण्या-ढकलण्यावर बंधने आली होती आणि २००४ पासून त्यांची अंमलबजावणी अधिक कडक झाली होती, त्यामुळे २०१३ मध्ये फेकीचा खेळ रोखणे हे जुन्या काळापेक्षा फार अवघड काम होते.

तो सामना मी भारतीय वेळेनुसार सोमवारी पहाटे पाचला उठून पाहिला. पहिलीच चाल होती. गोंगाटात आपल्या सहकाऱ्यांना काही सांगण्यासाठी मॅनिंग दोन पावले पुढे आला, तेवढ्यात सेंटरने (चेंडू मागे देऊन चाल सुरू करणाऱ्या खेळाडूने) चेंडू मागे सोडला आणि तो मॅनिंगच्या डोक्याजवळून थेट ब्राँकोजच्याच गोलपट्टीत गेला; तिथे चेंडूसह अडकल्यास प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात. बारा सेकंदांत सीहॉक्सचे दोन गुण झाले. तो अपघात म्हणून सोडून देता येईल, पण त्यानंतर थोड्याच वेळात ब्राँकोजच्या डेमेरियस थॉमसने एक आखूड फेक झेलली आणि सीहॉक्सचा कॅम चॅन्सलर त्याच्यावर असा काही आदळला की मी ती चाल तीन वेळा मागे नेऊन पाहिली. सीहॉक्सची रचना साधी आणि सर्वांना ठाऊक असलेली होती : मागे अर्ल थॉमस एकटा, कडेला रिचर्ड शर्मन, मध्ये चॅन्सलर. लपवाछपवी जवळजवळ नाहीच. आखूड फेकी झेलू द्यायच्या आणि झेलणाऱ्याला तिथेच आडवा करायचा. ३६-० होईपर्यंत ब्राँकोजना एकही गुण मिळाला नव्हता. शेवट ४३-८ असा झाला.

आणि ब्रेडीची निवडही याच सीहॉक्समुळे. एका वर्षानंतर, १ फेब्रुवारी २०१५ रोजी, त्याच शर्मन-थॉमस-चॅन्सलर यांच्यासमोर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून खेळताना तो चौथ्या सत्राच्या सुरुवातीला २४-१४ असा मागे होता; दोन चेंडू आधीच प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले होते. सुपर बोलमध्ये चौथ्या सत्रात दहा गुणांची पिछाडी भरून काढून तोवर कोणीही सामना जिंकलेला नव्हता. त्याने लांब फेकींचा मोह टाळला, एडलमन आणि अमेंडोला या रिसीव्हरांना एकामागून एक आखूड फेकी देत राहिला आणि सलग दोन टचडाउन करून २८-२४ अशी आघाडी मिळवली. सीहॉक्सचा शेवटचा हल्ला पेट्रियट्सच्या बचावातल्या माल्कम बटलरने गोलरेषेवर चेंडू पकडून संपवला, हे खरेच. पण तिथवर संघाला ब्रेडीने आणले होते.

सीहॉक्सचे चाहते यावर सांगतात की त्यांच्या बचावातल्या जेरेमी लेनचा हात पहिल्या सत्रातच मोडला होता आणि क्लिफ एव्हरिल उत्तरार्धात डोक्याला मार लागून बाहेर गेला होता. ते बरोबर आहे. लेनच्या जागी आलेल्या थॅरल्ड सायमनवरच ब्रेडीने पुन्हा पुन्हा फेकी केल्या आणि एडलमनचा निर्णायक टचडाउनही त्याच्यासमोरच झाला. ब्रेडीचे श्रेय त्यामुळे कमी होते, असे मला वाटत नाही. पन्नास फेकींच्या त्या धुमश्चक्रीत त्या बचावातली एकच फट त्याने हेरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.