मुलीही कोयता टोळीत असतात का? भाचीला घरी बसवावं का?

हो, असतात. आणि भाचीला घरी बसवू नका, हे आधीच सांगते. पुण्यातल्या एका वस्तीत मी बरीच वर्षं मुलींची अभ्यासिका चालवते. तुमच्या भाचीसारख्या, 16 वर्षांच्या, टोळक्याबरोबर फिरणाऱ्या मुली माझ्याकडे आल्या आहेत.

'कोयता गँग' नावाची एकच एक टोळी नाही. गल्लीगल्लीत पाच-सात पोरं, त्यांचा एक भाई आणि त्याची रील्स. मुलगी त्यात बहुतेकदा कुणाची तरी मैत्रीण म्हणून शिरते. मग पोरं तिला 'वहिनी' म्हणू लागतात. हा शब्द हलका समजू नका. क्लासच्या वाटेवर जिला रोज घाणेरडे शेरे ऐकावे लागत होते, तिच्याकडे आता कुणी मान वर करून बघत नाही. एक मुलगी मला म्हणाली, "ताई, आता मला कुणी हात लावत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या मानाची वसुली पुढे होते. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची असा कायदा आहे, आणि प्रत्येक नाकाबंदीला महिला पोलीस असतेच असं नाही. भाईला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून कोयता हिच्या सॅकमध्ये जातो. दुसऱ्या टोळीतल्या पोराला 'भेटायला ये' हा मेसेजही हिच्याच फोनवरून जातो. राडा झाला की पोरं पसार, पोलीस हिच्या दारात.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 लक्षात ठेवा: मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड. भाई सज्ञान असेल तर पोलिसांपुढे, बाल न्याय मंडळापुढे 'तिला वापरून घेतलं' हे ठामपणे मांडा. पण 16 पूर्ण झाल्यावर खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटलाही चालू शकतो, तेव्हा वेळ दवडू नका.

घरी बसवलेल्या मुलींचं काय होतं ते मी पाहिलंय. शाळा सुटते, भाई चोरून दुसरा फोन पोचवतो, आणि घरचे घाबरून 18 च्या आतच लग्न उरकतात.

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मदत मिळते. त्याआधी आज संध्याकाळी भाचीजवळ बसा. भाईचं नाव काढू नका. शाळेच्या वाटेवर तिला कोण त्रास देत होतं, एवढंच विचारा.