पेशीला विषाणूचा डीएनए परका आहे हे कळतं कसं?

कळत नाही. बहुतेक वेळा पेशी डीएनएवर काय लिहिलंय ते वाचतच नाही, तो कुठे सापडला एवढंच बघते. आपला डीएनए केंद्रकात आणि मायटोकॉन्ड्रियात असतो. पेशीद्रवात, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या द्रवात, दुपदरी डीएनएचा लांब तुकडा आला की सीगॅस हे एन्झाइम त्याला चिकटतं, मग तो हर्पिस विषाणूचा असो की तुमचा स्वतःचा. गोठ्यातली आपलीच म्हैस माजघरात शिरली तरी आरडाओरड होतेच.

एवढं ठासून सांगतोय कारण पीएचडीच्या काळात याच मुद्द्यावर माझं गाईडशी वाजलं होतं. टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या रक्तपेशींत प्लास्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं छोटं वेटोळं) घालत होतो. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, रिकामं प्लास्मिड, त्यात आमचा जीन नाही. जीन किती चालू आहे ते मोजणाऱ्या पीसीआरचा आलेख बघतो तर इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन, कंट्रोलमध्येही तितकाच चढलेला! सर म्हणाले, "एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आहे, तुझा प्रेप, म्हणजे तयार केलेला डीएनए, घाण आहे. रिकाम्या प्लास्मिडवर पेशी कशाला चिडेल?" मी तोच प्रेप डीएनेझने (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) पचवून पुन्हा घातला, इंटरफेरॉन गायब. एंडोटॉक्सिन असतं तर डीएनेझने त्याचं काहीच बिघडलं नसतं. नुसतं लायपोफेक्टामिन (डीएनए पेशीत शिरवणारं रसायन) घातलेल्या पेशीही गप्प. लॅब मीटिंगला तिन्ही बार शेजारी शेजारी दाखवले, तरी तो डेटा प्रबंधात घेऊ दिला नाही. पेशीद्रवातला डीएनए इंटरफेरॉन चढवतो हे २००६ पासून छापून आलेलं होतं. २०१२ च्या अखेरीस डॅलसच्या झिजियान चेन यांच्या लॅबने सीगॅसही शोधून दाखवलं.

पुढचं थोडक्यात: सीगॅस एटीपी आणि जीटीपीपासून सीजीएएमपी हा छोटा रेणू बनवतं, तो स्टिंग या प्रथिनावर बसतो, मग टीबीके१, आयआरएफ३ या प्रथिनांची साखळी आणि शेवटी इंटरफेरॉन. हा रेणू शेजारच्या पेशीतही जातो, म्हणजे तिला आधीच खबर. आणि 'परकं' ओळखण्याचाच मामला असता तर एकार्डी-गुटिएर सिंड्रोम हा जनुकीय आजार झालाच नसता. त्यात काही मुलांमध्ये डीएनए साफ करणारं ट्रेक्स१ हे एन्झाइम बिघडलेलं असतं आणि विषाणू नसतानाही, स्वतःच्याच डीएनएमुळे, इंटरफेरॉन चढत राहतो.

हो, टीएलआर९ हा दुसरा सेन्सर मात्र एंडोसोममध्ये (पेशीने बाहेरून गिळलेल्या मालाच्या पिशवीत) मिथाइल नसलेले सीपीजी, म्हणजे सी-जी अक्षरांच्या जोड्या, बघतो, म्हणजे थोडंफार वाचन आहेच. केंद्रकातही सीगॅस असतं, पण न्यूक्लिओसोमला (डीएनए गुंडाळलेल्या प्रथिनांच्या रिळाला) जखडलेलं, म्हणून गप्प. कोरोनासारख्या आरएनए विषाणूंसाठी सेन्सर वेगळे.

तुम्ही स्वतः प्रयोग करणार असाल तर डीएनेझचा कंट्रोल लावाच, गाईड काहीही म्हणोत. "आमच्या एचईके-२९३टी पेशींमध्ये असं कधी दिसलं नाही" हे ऐकून गप्प बसू नका. त्या पेशींत सीगॅस आणि स्टिंग जवळजवळ नसतातच, दिसणार कुठून?