मुत्सद्दी, वकील की राजदूत? डिप्लोमॅटला मराठीत नेमकं काय म्हणायचं

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा तू विचारलंस की काका, पेपरात 'अमुक देशाच्या दोन मुत्सद्द्यांची हकालपट्टी' असं छापून येतं, पण मुत्सद्दी म्हणजे तर नाना फडणवीसांसारखा डोकेबाज माणूस ना, मग दूतावासातल्या कुठल्याही सेक्रेटरीला मुत्सद्दी कसं म्हणायचं, सरळ राजदूत का नाही म्हणत, आणि वकिलात म्हणतात तिथे वकील बसतात का? मी घाईत होतो, दोन वाक्यांत काहीतरी सांगून निघालो आणि मग दिवसभर ते मनातून जाईना, कारण प्रश्न फार चांगला आहे. म्हणून आता नीट लिहून पाठवतोय.

राजदूत आधी उरकतो. राजदूत हे पद आहे, दूतावासाच्या प्रमुखाचं. त्याच्या हाताखाली काउन्सेलर, फर्स्ट सेक्रेटरी, सेकंड सेक्रेटरी, लष्करी अटॅशे असे कितीतरी लोक असतात, ते सगळे डिप्लोमॅट पण राजदूत त्यातला एकच. त्यामुळे 'दोन राजदूतांची हकालपट्टी' लिहिलं तर ते साफ चूक. आणि राष्ट्रकुलातल्या देशांनी एकमेकांकडे पाठवलेल्या प्रमुखाला राजदूत म्हणतच नाहीत, तिथे उच्चायुक्त, कारण एके काळी या सगळ्या देशांचा राजा एकच होता आणि राजा स्वतःच स्वतःकडे दूत कसा पाठवणार. म्हणून दिल्लीत अमेरिकेचा दूतावास आहे पण ब्रिटनचं उच्चायुक्तालय. परीक्षेत हे हमखास विचारतात, लक्षात ठेव.

आता वकील. हा शब्द मला या तिघांत सगळ्यात जास्त आवडतो आणि तो मागे पडत चाललाय याचं खरंच वाईट वाटतं. मूळ अरबी, अर्थ एवढाच की दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, दुसऱ्याने ज्याच्यावर आपलं काम सोपवलंय तो. कोर्टातला वकील ही त्याची एक शाखा झाली. शिवकाळात आणि पेशवाईत वकील म्हटलं की पहिला अर्थ दुसऱ्या दरबारातला आपला माणूस हाच. अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर आला आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले, ते दोघे वकील. दिल्लीत पेशव्यांचे वकील हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. त्याही आधीच्या कागदांत हेजीब असा शब्द सापडतो, तोही हाच. आणि उलट बाजूने बघितलं तर कंपनी सरकारचा चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात रेसिडेंट म्हणून आला, संगमावर त्याचा बंगला होता, मराठी कागदांत तो इंग्रजांचा वकीलच. तीच रेसिडेन्सी ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी जाळली गेली. तू संगम पुलावरून रोज जातेस ना, त्याच भागातली गोष्ट आहे ही.

तर वकिलात म्हणजे या वकिलाचं ठाणं. तुझी आजी 'मुंबईला अमेरिकन वकिलातीत व्हिसासाठी गेले होते' म्हणते ते अगदी बरोबर बोलते, कोर्टाशी त्याचा संबंध नाही. पण दोन्हीकडे रीत एकच आहे बघ. शिवाजीनगर कोर्टात वकील तुझ्या बाजूने उभा राहायचा तर आधी तुझ्या सहीचं वकीलपत्र दाखल करावं लागतं. नवा राजदूत दिल्लीत येतो तेव्हा तोही राष्ट्रपती भवनात जाऊन आपल्या राष्ट्रप्रमुखाच्या सहीचं अधिकारपत्र राष्ट्रपतींच्या हातात देतो, म्हणजे आंतरराष्ट्रीय वकीलपत्रच ते. हा माणूस जे बोलेल ते माझं बोलणं समजा, एवढंच त्या कागदात असतं.

पण वकिलाला अधिकार किती हा मुद्दा उरतोच. कौटिल्याने अर्थशास्त्रात दूताचे तीन प्रकार केलेत, निसृष्टार्थ म्हणजे पूर्ण अधिकार दिलेला, परिमितार्थ म्हणजे ठरवून दिलेल्या कामापुरता, आणि शासनहर म्हणजे नुसतं पत्र पोचवणारा. पहिल्या प्रकाराला आपल्याकडे इतिहासात एक झणझणीत शब्द आहे, वकील-इ-मुतलक. मुतलक म्हणजे बिनशर्त, पुरता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांच्या नावाने हे पद मिळवलं आणि १७९२ मध्ये पुण्यात थाटात फर्मानबाडीचा, म्हणजे बादशहाचं फर्मान स्वीकारण्याचा समारंभ झाला. तिथे तर वकील म्हणजे बादशहाच्या नावाने सगळा कारभारच बघणारा, इतका तो शब्द ताणला गेला होता.

आणि मुत्सद्दी. तुझा खरा प्रश्न हाच. हाही अरबीतून फारसीमार्गे आलेला, मूळ अर्थ काम अंगावर घेणारा, कामावर नेमलेला. मोगलांच्या काळात सुरत बंदराच्या मुख्य अंमलदाराला मुत्सद्दी म्हणत, आणि हिंदीत तर मुत्सद्दी म्हणजे मुनीम, लेखनिक असाही अर्थ आहे. म्हणजे हा मुळात दफ्तरातला, लेखणीचा माणूस, तलवारीचा नाही. मराठीत मात्र लेखणीवाल्यांनीच पुढे राज्यं चालवली म्हणून शब्दाला डोकेबाज, दूरचं बघणारा, मनातलं चेहऱ्यावर न दाखवणारा असा अर्थ चिकटला. तू म्हणतेस तो अर्थ चूक नाहीच, तो मराठीने कमावलेला अर्थ आहे. गंमत म्हणजे डिप्लोमॅट हा शब्दही कागदातूनच आलाय, ग्रीकमध्ये डिप्लोमा म्हणजे घडी घातलेला कागद, अधिकारपत्र. तुमच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तोच.

हे मला पटलं ते मोडी शिकताना. सदाशिव पेठेत क्लासला जायचो तेव्हा सरांनी एका वकिलाच्या पत्राची नक्कल वाचायला दिली होती. पानभर आडव्या रेघा आधी ओढलेल्या, अक्षरं त्याला लटकवलेली, 'साष्टांग नमस्कार विज्ञापना' वगैरे मायना संपायलाच मला अर्धा तास लागला. वाटलं पुढे काहीतरी मोठी खलबतं असतील. तर काय, दरबारात कोण आलं, कोणाला बसायला जागा कुठे मिळाली, कोणाच्या फौजेचा पगार थकलाय, कोण आजारी आहे, भेट मागितली तर कितवा दिवस सांगितला. ओळीमागून ओळी हेच. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडचा दरबार डोळ्यांसमोर दिसावा एवढ्यासाठी लिहिलेलं. तेव्हा कळलं की या कामात बोलणं थोडं आणि बघणं नि लिहिणं फार.

देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात हेच आहे. आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करायचं, आपल्या देशाचे आणि नागरिकांचे हितसंबंध जपायचे, वाटाघाटी करायच्या, यजमान देशातली परिस्थिती कायदेशीर मार्गाने समजून घेऊन मायदेशी कळवायची, आणि मैत्रीचे संबंध वाढवायचे. पहिली तीन कामं वकिलाची आहेत (वाटाघाटीला आपल्याकडे शिष्टाई, रदबदली असे किती गोड शब्द आहेत), चौथं जुन्या अर्थाच्या मुत्सद्द्याचं. त्यातलं 'कायदेशीर मार्गाने' हे फार महत्त्वाचं, ते ओलांडलं की हेरगिरी.

तुझ्या बातमीतली 'हकालपट्टी' पण याच कराराने समजते. हनुमान लंकेत पकडला गेला तेव्हा बिभीषणाने सांगितलं ना की दूताला मारायचं नसतं, तेच तत्त्व आजही आहे, डिप्लोमॅटला अटक करता येत नाही. मग तो नकोसा झाला तर यजमान देश काय करणार, कारण न देता 'हा माणूस आम्हाला मान्य नाही' एवढं जाहीर करायचं आणि त्याच्या सरकारने त्याला परत बोलवायचं. म्हणून बातमी खटल्याची नसते, देश सोडण्याची असते.

वाणिज्यदूत, म्हणजे कॉन्सल, वेगळा, त्याचा करारही वेगळा, १९६३ चा. नावात वाणिज्य असलं तरी त्याचा बराच वेळ पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशात तुरुंगात अडकलेले आपले लोक यांत जातो. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं ते याच करारातल्या ३६ व्या कलमावरून, आपल्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही म्हणून.

तर उत्तर लिहिताना हुद्दा सांगायचा असेल तेव्हा राजदूत, उच्चायुक्त, वाणिज्यदूत यांतला नेमका शब्द वापर, सरसकट सगळ्यांसाठी 'राजनैतिक अधिकारी' लिही, आणि मुत्सद्दी हा शब्द ज्याने ते नाव कमावलंय त्याच्यासाठी राखून ठेव. बातमीच्या मथळ्यात जागा कमी असते म्हणून ते लोक मुत्सद्दी लिहितात, ते मी समजू शकतो, तुझ्या उत्तरपत्रिकेत जागा आहे. आणि आजी वकिलात म्हणाली तर तिला दुरुस्त करू नकोस.