ओक्राकोकला येताय, तर आधी पायऱ्या मोजा

सर, तुमचं पत्र वाचलं. अंबाजोगाईत विज्ञान शिकवता, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ओक्राकोक बेटावरच्या शाळेत निवड झालीय, सोबत बायको आणि आठ वर्षांची लेक. पाऊस-थंडी किती, लेकराला करमेल का, पगारातून काही उरेल का, एवढं विचारलंत. मी औसा तालुक्यातली. 2017 च्या जूनमध्ये आम्ही इथं आलो, तेव्हा घरच्यासारखं सांगते.

पावसाला इथं कुणी घाबरत नाही. आपल्याकडं वर्षभरात पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, पण बाराही महिने वाटून. इथली माणसं सकाळी उठून वारा बघतात. कुठल्या दिशेचा, किती जोराचा. फेरीबोट सुटणार का, किराण्याचा ट्रक येणार का, सगळं त्याच्यावर. बेटाला पूल नाही. शेजारच्या हॅटेरस बेटावर जाणारी फेरी गाडीसकट फुकट आहे, तासभर लागतो. पण आपला तालुका म्हणाल तसं कचेरीचं गाव खाडीपलीकडं, स्वान क्वार्टरला. तिकडं बोटीनं अडीच तासांच्या वर जातात. एका सहीसाठी अख्खा दिवस गेला की मला औशाची तहसील आठवते, तिथं निदान चहा तरी मिळायचा.

आता महत्त्वाचं. बेट म्हणजे वाळूचा साधारण 25 किलोमीटरचा चिंचोळा पट्टा. पुढं अटलांटिक, मागं पाम्लिको साउंड म्हणून उथळ खाडी, इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. गाव सगळं एका टोकाला. बाकीचा पट्टा जवळजवळ सगळा राष्ट्रीय उद्यानाचा, तिथं घर बांधता येत नाही. नवी होते तेव्हा मी समुद्राकडं बघून घाबरायचे. शेजारच्या आजी हसल्या. म्हणाल्या, पाणी पुढून येत नाही, मागून येतं. मला खरं वाटलं नाही.

परातीत पाणी घ्या आणि एका बाजूनं जोरात फुंका. पाणी पलीकडच्या काठाला चढतं. फुंकणं थांबलं की माघारी येतं, आणि वरून उलटं फुंकलं तर अलीकडच्या काठावरून सांडतं. वादळात खाडीचं तेच होतं. आधीचा वारा पाणी मुख्य भूमीकडं रेटतो, वादळ पुढं सरकलं की वारा फिरतो आणि ते सगळं पाणी बेटावर येतं. 6 सप्टेंबर 2019 च्या सकाळी डोरियन वादळात हेच झालं. त्याआधी अंगणसुद्धा कोरडं होतं. वारा फिरला आणि बघता बघता गावात पाणी चढलं, समुद्रसपाटीपासून सात फुटांच्या वर. आमचं भाड्याचं घर बुटक्या खांबांवरचं, आत गुडघाभर पाणी. लेकरांना स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं होतं. शाळेतही पाणी शिरलं, वर्ग दुसरीकडं भरवावे लागले. पर्यटकांना हिवाळ्याच्या तोंडापर्यंत बेट बंद होतं, म्हणजे गावाची कमाई बंद. जुनी माणसं सांगतात, पूर्वी असं पाणी आलं की जमिनीच्या फळ्यांना मुद्दाम भोक पाडायचे. पाणी आत घेतलं की घर तरंगून जात नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर आपण घर बघताना आधी भिंती बघतो. इथं घरं खांबांवर, म्हणून दारापर्यंतच्या पायऱ्या मोजा. जमिनीपासून चौदा-पंधरा पायऱ्या असतील तरच होकार द्या. आणि घर सोडायचा हुकूम निघाला तर लेकराला घेऊन निघा. काही जुने लोक थांबतात, त्यांचं बघून आपण थांबायचं नाही. आम्ही थांबलो होतो, ती चूक.

तुमची खरी अडचण पगाराची नाही, जागेची आहे. बरीच घरं पर्यटकांसाठी राखलेली, आठवड्याच्या भाड्यावर जातात. गावात राहणारे आठशेच्या आसपास, पण जून ते ऑगस्ट पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात रिकामं घर दिसेल आणि मे महिन्यात मालक सोडा म्हणेल. शाळेकडून वर्षभराच्या जागेचं लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. तुमचा जे-1, म्हणजे परदेशी शिक्षकांना मिळतो तो मुदतीचा व्हिसा, तीन वर्षांचा, वाढवला तर पाच. बायकोला कामाचा परवाना वेगळा अर्ज करून मिळू शकतो; उन्हाळ्यात हाताला काम भरपूर असतं. मी एका मोटेलचे हिशोब बघते. नोव्हेंबरनंतर बरीच खानावळी-दुकानं बंद, गाव झोपतं.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. बर्फ क्वचित, पण जानेवारीत ओला वारा हाडात शिरतो. उन्हाळा परभणीसारखा भाजत नाही, पारा तिशीच्या आसपास असतो. दमट मात्र इतकं की पापड-कुरडया वाळतच नाहीत. मी दोन वर्षं प्रयत्न केला, बुरशी आली, नाद सोडला. डास आपल्यापेक्षा दांडगे. खाऱ्या हवेनं गाडी गंजते, नवी घेऊ नका. गावात सायकल पुरते.

लेकीला करमेल. बालवाडीपासून बारावीपर्यंत एकच शाळा, वर्गात मोजकी लेकरं, सगळं गाव तिला नावानं ओळखेल. मराठी बोलायला मात्र आईबापच. दुखण्याखुपण्याला गावात दवाखाना आहे, पण मोठं काही झालं तर हेलिकॉप्टर. विमा नीट वाचून घ्या.

पाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. खोल विहिरीतलं खारट पाणी गोडं करून नळाला येतं, चोवीस तास. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी तिथंच होते, त्यामुळं अजूनही भांडी घासताना नळ बारीकच धरते. नवरा हसतो.

येताना येसर आणि काळा मसाला आणा. ज्वारीचं पीठ दोन-तीन किलोच, आल्या आल्या फ्रीजरमध्ये टाका, बाहेर आठवडाभरात जाळी धरते. आणि घरमालकानं फोटो पाठवले तर मला पाठवा, पायऱ्या मी मोजून सांगते.