'पब्लिक डिप्लोमसी'ला प्रचार म्हणावं का?

पुण्यातल्या एका अनुवादक वाचकांचा प्रश्न आहे. शीतयुद्धावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'पब्लिक डिप्लोमसी' (एखाद्या सरकारने परक्या देशातल्या जनतेशी थेट संबंध जोडणं) हा शब्द पानोपानी येतो. 'सार्वजनिक राजनय' लिहिलं तर वाचक अडखळतो, मग सरळ 'प्रचार' लिहावं का?

माझं मत: सरसकट लिहू नये. पण 'प्रचार' वाईट शब्द आहे म्हणून नव्हे. मराठीत तो बदनाम नाहीच. निवडणुकीचा प्रचार आपण भर चौकात करतो. १९३६ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या संस्थेचं नावच 'राष्ट्रभाषा प्रचार समिती'. डाग लागलाय तो 'प्रचारकी' आणि 'अपप्रचार' या शब्दांना. इंग्रजीतल्या 'प्रोपगंडा'ची गोष्ट वेगळी. पोपने १६२२ साली धर्मप्रसारासाठी स्थापलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून तो आला आणि महायुद्धांच्या काळात पार डागाळला. १९६५मध्ये 'पब्लिक डिप्लोमसी'ला आजचा अर्थ देणारे माजी अमेरिकी राजदूत एडमंड गुलियन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं, की 'प्रोपगंडा'च म्हणायला आवडलं असतं, पण अमेरिकेत त्या शब्दाला वाईट वास आहे.

अडचण आहे ती व्याप्तीची. प्रचार म्हटलं की आपली बाजू समोरच्याला पटवणं आलं. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारच्या रेडिओवरची बरीच भाषणं त्यात बसतील. पण १९५८ साली अमेरिकी सरकारने डेव्ह ब्रूबेक यांचा जॅझचा चमू पोलंडपासून भारतापर्यंत फिरवला, त्याला काय म्हणाल? त्या पियानोत पटवण्याजोगं विधान कुठे होतं? चमूत गोरे आणि कृष्णवर्णीय वादक शेजारी बसून वाजवत होते, आणि त्याच वेळी अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्याने चालू होता. म्हणूनच तो चमू पाठवण्यात सरकारला अर्थ वाटत होता. मॉस्कोची बाजूही पाहा. तिथल्या प्रकाशनगृहांनी मराठीत छापलेली देखणी, स्वस्त बालपुस्तकं इथल्या कितीतरी घरांत वाचली गेली. त्यांतल्या गोष्टी मुलांना मनापासून आवडल्या. त्यांना प्रचार म्हणणं हा त्या लेखकांवर आणि मराठी अनुवादकांवर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता 'सार्वजनिक'. सार्वजनिक सभा (१८७०), सार्वजनिक गणेशोत्सव ही परंपरा असलेल्या शहरात या शब्दाचा अर्थ पक्का आहे: लोकांनी मिळून चालवलेलं, सर्वांना खुलं. इथे तर चालवणारं सरकार आहे आणि लोक आहेत समोर, तेही परक्या देशातले. 'मुत्सद्देगिरी'त डावपेच आणि बंद दाराआडची बोलणी ऐकू येतात, म्हणून तीही नको.

मी 'लोकाभिमुख राजनय' सुचवेन. 'राजनय' राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रुळलेला आहे, आणि तोंड कुणाकडे आहे ते 'लोकाभिमुख'मधून लगेच कळतं. पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य फोड द्यावी: 'परदेशातल्या सरकारपलीकडे जाऊन थेट तिथल्या जनतेशी संबंध जोडण्याचं सरकारी धोरण'. पुढे नुसतं 'राजनय' लिहून भागणार नाही, कारण दूतावासांतल्या वाटाघाटीही राजनयच.

तुमच्या लेखात 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या लेखक-विचारवंतांच्या कम्युनिस्टविरोधी संस्थेचा उल्लेख आला, तर मात्र 'लोकाभिमुख राजनय' वापरू नका. १९५०मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या या संस्थेला सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा होता आणि ते १९६६-६७मध्ये उघड झालं. तिच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्या अनेकांना तो पैसा कुठून येतो याची कल्पनाच नव्हती. 'युसिस' या अमेरिकी सरकारच्या माहिती सेवेचं वाचनालय किंवा मॉस्कोतलं १९५९चं अमेरिकी प्रदर्शन यांच्यावर सरकारचं नाव उघड होतं, इथे ते लपवलेलं होतं. अशा ठिकाणी 'छुपं अर्थसाहाय्य' असं सरळ लिहावं. आणि रेडिओवरून एकमेकांच्या व्यवस्थेवर जे थेट हल्ले होत, तिथे 'प्रचार' बिनधास्त ठेवा.